घराचे पाय

ओतिलिया: पाय कुठायत, एलियेसर?

एलियेसर: हे काय, दोन. एकाला कुरूप झालंय, पण चालतंय.

ओतिलिया: थट्टा नको. घराचे पाय विचारतेय मी. माझ्या बापानं तासलेले. वर चॅपलपाशी बैलजोड्या येऊन उभ्या राहिल्यात, अख्खा गाव मिंगेला, बिनमजुरीच्या मदतीला आलाय, आपलं घर ओढून टेकाडावर न्यायला. आणि घराखाली घालायचे ते दोन लांब ओंडके मला कुठंच दिसत नाहीत.

एलियेसर: अगं, सांगितलं ना. पाण्यात घालून ठेवलेत. उल्मोचं लाकूड उन्हानं तडकतं. पाण्यात राहिलं की लोखंड होतं, लोखंड!

ओतिलिया: मागच्या डबक्यात?

एलियेसर: मागच्याच.

ओतिलिया: सकाळी वासा घेऊन सगळं डबकं ढवळून आले. एक बूट सापडला. तुझाच, गेल्या साली हरवलेला, ज्याच्यासाठी तू माझ्या भाच्याला चोर ठरवलंस. ओंडके सापडले नाहीत.

एलियेसर: खाली गेले असतील. दलदल गिळते, म्हातारे. तुला का ठाऊक नाही?

ओतिलिया: बूट वर ठेवते आणि घराएवढे ओंडके गिळते. निवडून खाते म्हणायची.

एलियेसर: तो बटाटा गेला बघ. उचल की, दाराबाहेर जाईल.

ओतिलिया: जाऊ दे. या घरात हातातून काही सुटलं की थेट दाराला जाऊन भेटतं. मला वाकायची गरजच उरली नाही. दार लावलं तरी आपलं आपण उघडतं, नि बाहेर कोंबड्या वाट बघत उभ्याच असतात. त्यांना वाटतं, घरच त्यांना दाणा घालतं.

एलियेसर: म्हणून तर हलवतोय ना घर! टेकाडावर गेलं की सरळ उभं राहील. दार लागेल. बटाटा जिथं ठेवशील तिथं राहील. राणीसारखी बसशील.

ओतिलिया: आधी इथं सरळच होतं.

एलियेसर: झालं. काढ ते पुन्हा.

ओतिलिया: मी कशाला काढू? पाण्यानंच काढलंय. चुलीमागची फळी उचलून बघ, खाली चकाकतंय. तीन वर्षांमागं इथं दारापासून खाडीपर्यंत रान होतं. जमीन ओली असायची, पण पाऊल बुडत नव्हतं. झाडं गेली, नि पुढच्याच हिवाळ्यात विहीर तोंडापर्यंत भरली. सगळं पाणी ती झाडंच पीत होती, एलियेसर. शेजारीण रोज आपली भांडी घासून जावी आणि आपण म्हणावं, आमची भांडी मुळी खरकटी होतच नाहीत, तसं झालं आपलं.

एलियेसर: मला एकट्याला का बोलतेस? सगळ्यांनीच विकली. कागदाच्या गिरणीवाले येऊन काय म्हणाले होते? वाकडी, पोकळ, किडकी तेवढीच नेऊ, लगद्याला तीच चालतात, सरळ झाडं तुम्हाला ठेवा. तूच त्यांना मातेचा कडू चहा पाजलास, आठवतं?

ओतिलिया: आठवतं. आणि त्या दिवसापासून रानातलं एकूण एक झाड तुला वाकडं दिसायला लागलं, तेही आठवतं.

एलियेसर: हा उल्मो ठेवला ना मी? घरामागचा? तुझ्या मधमाश्या आहेत म्हणून ठेवला. मुकादम म्हणाला, एवढं जाड झाड, हेही दे. मी म्हटलं, नाही. बायकोच्या मधमाश्या राहतात त्यात. अख्ख्या पट्टीत एकच झाड उभं आहे, ते माझ्यामुळं.

ओतिलिया: ते खरं आहे. त्याबद्दल तुला मी दरवर्षी मध देते.

एलियेसर: म्हणून आता जे सांगतो ते शांतपणे ऐक.

ओतिलिया: हं.

एलियेसर: हातातली सुरी खाली ठेव आधी.

ओतिलिया: बटाटे सोलतेय मी. बोल.

एलियेसर: जुने पाय कुजले. कुजले होते गं, आतून. आता त्या पाण्यात शोधण्यात काही अर्थ नाही. हा उल्मो पाडतो. एका खोडात दोन पाय निघतील, वरचा भाग नि खालचा भाग. आपल्या पोरीचा धर्मबाप, कोंपाद्रे बाल्दोमेरो, बैल घेऊन आलाच समज. दुपारपर्यंत सालं काढून, टोकं तासून घराखाली घालू. संध्याकाळी तू टेकाडावर. झालं!

ओतिलिया: सुरी खाली ठेवायला सांगितलंस ते बरं केलंस.

एलियेसर: मधमाश्यांना पेटीत घेऊ.

ओतिलिया: आज एकही बाहेर आलेली नाही. चांगलं ऊन पडलंय, तरी ढोलीच्या तोंडाशी कुणी नाही.

एलियेसर: गारठ्यानं बसल्या असतील.

ओतिलिया: आणि मुळं? त्या उल्मोची मुळं या चुलीच्या खालून गेलीत. इथली माती हातभर, खाली दगडासारखा थर. कुठलंही झाड खोल जात नाही, ताटासारखं पसरतं. वारा सुटला की ही चुलीजवळची जमीन वर येते, खाली जाते. श्वास घेतल्यासारखी. मी तुला किती वेळा सांगितलं, इथं बस आणि पायाला काय लागतं ते बघ.

एलियेसर: आणि मी किती वेळा सांगितलं, ती सफरचंदाची चिचा कमी पीत जा.

ओतिलिया: तू पितोस, नि जमीन मला हलताना दिसते होय?

बाल्दोमेरो: आहे का कुणी घरात? दार सताड उघडं दिसलं म्हणून आलो!

ओतिलिया: या, कोंपाद्रे. ते दार आता सगळ्यांनाच या म्हणतं. आणि ओरडू नका, मला दोन्ही कान आहेत.

बाल्दोमेरो: हं… माफ करा, कोमाद्रे. गिरणीत राहून राहून… म्हणजे डावा कान गेलाच, उजवाही सुट्टीवर असतो. माझी धर्मलेक कशी आहे?

ओतिलिया: तुमची लेक तिकडं वर मटण शिजवतेय, मिंगेवाल्यांसाठी. तिथूनच आलात ना? दिसली नाही?

बाल्दोमेरो: दिसली. तिनंच हे भाजलेले बटाटे दिले. म्हणाली, आईला दे, ती चूल सोडून येणार नाही.

ओतिलिया: कशी येईन? घर हलेपर्यंत चूल पेटती हवी आणि घरची बाई चुलीपाशी हवी. माझी आई बसली होती, तिची आई बसली होती.

बाल्दोमेरो: ते तर झालंच. विझल्या चुलीचं घर ओढायला बैलसुद्धा तयार होत नाहीत… असं म्हणतात, म्हणजे. तर मंडळी विचारतायत, पाय बाहेर काढून ठेवलेत का. दोर बांधायला पोरं खाली येतील. उद्यापर्यंत थांबायला नको. समुद्रावर तिकडं काळं आलंय. आत्ता पानही हलत नाही, पण ही शांतता… उत्तरेचा वारा उद्या येणार म्हणजे येणार.

एलियेसर: ऐक, कोंपाद्रे. पाय नवे करायचे. मागचा उल्मो पाडतोय.

बाल्दोमेरो: कुठला?

एलियेसर: मागचा! उल्मो!

बाल्दोमेरो: तेवढं ऐकलं मी. आज? ओलं लाकूड? एलियेसर, ओला उल्मो… म्हणजे किती जड पडेल माहितीये ना? आणि या जमिनीत ते झाड एकटं उभं. आजूबाजूची होती तेव्हा एकमेकांना धरून होती ती.

एलियेसर: चाळीस वर्षं झाडं पाडतोय मी. आईच्या पोटातून करवत घेऊन आलोय. झुकाव दलदलीकडं आहे, तिकडंच जाणार. लोण्यात पडल्यासारखं पडेल.

ओतिलिया: कपड्यांची दोरी सांग त्याला.

एलियेसर: कसली दोरी?

ओतिलिया: उल्मोपासून या खिडकीपर्यंत माझी कपडे वाळत घालायची दोरी आहे, कोंपाद्रे. वर्षानुवर्षं तशीच ताठ. गेल्या महिन्यापासून सैल पडतेय. दोनदा आवळली. परवा चादर टाकली तर चिखलाला टेकली. झाड खिडकीकडं सरकल्याशिवाय दोरी सैल पडते होय?

एलियेसर: ओल आहे. दोरी सैल पडते ओलीनं.

ओतिलिया: ओली दोरी आखडते, एलियेसर. जन्मभर कपडे वाळत घालतेय मी.

एलियेसर: ती काथ्याची. ही नायलॉनची आहे, मीच आणलेली. ताणते ही.

बाल्दोमेरो: हं. नायलॉन ताणतं… ताणतं म्हणा.

एलियेसर: बघ! कोंपाद्रेही म्हणतोय.

ओतिलिया: कोंपाद्रे काहीच म्हणत नाहीत. ते तुझे शब्द तुला परत देतायत.

बाल्दोमेरो: मी येऊ का दोर धरायला?

एलियेसर: तू नको. झाड पडायच्या आधी आतून कुरकुरतं, ते ऐकून बाजूला व्हावं लागतं. तुझ्या कानाशी येऊन झाड किंचाळलं तरी तू म्हणशील, आमेन. आत बस कोमाद्रेपाशी. घरापेक्षा सुरक्षित जागा नाही. मी करवतीत तेल घालून येतो.

ओतिलिया: गेला. बसा, कोंपाद्रे. त्या खोक्यावर बसा, खुर्च्या बांधल्यात. खिडक्यांनाही फळ्या ठोकल्या कालच, काचा फुटू नयेत म्हणून. उजेड तेवढा दारातनं येतोय. माते घ्या.

बाल्दोमेरो: नको… म्हणजे, द्या.

ओतिलिया: तुम्ही माझ्याकडं का बघत नाही?

बाल्दोमेरो: बघतोय की.

ओतिलिया: चुलीकडं बघताय. मी इकडं आहे.

बाल्दोमेरो: कोमाद्रे, त्यानं तुम्हाला काय सांगितलं? जुन्या पायांचं?

ओतिलिया: आधी म्हणाला, भिजत घातलेत. मग म्हणाला, दलदलीनं गिळले. मग म्हणाला, कुजले. तुम्हीही एक सांगा, म्हणजे चार होतील.

बाल्दोमेरो: मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. देवाशपथ. मला वाटलं, घरात ठरलं असेल.

ओतिलिया: काय ठरलं असेल?

बाल्दोमेरो: मी गिरणीत ओंडके आत ढकलायच्या जागी उभा असतो. पट्ट्यावरून येतात. टेपा, कोइग्वे, उल्मो, काय काय. मी आकडीनं सरळ करायचे, पुढं पात्यांचं चाक असतं, ते बारीक तुकडे करतं. दिवसभर तेच. ओंडक्याला तोंड नसतं, कोमाद्रे. तुमच्या रानातला कुठला, दुसऱ्याच्या रानातला कुठला, काही कळत नाही. पण त्या दिवशी दोन आले… जुने. सालं काढलेले, काळे पडलेले, टोकं नावेसारखी वर वळवून तासलेली. आणि टोकाला भोक. दोर ओवायला, तापल्या सळईनं पाडलेलं. आणि त्या भोकाशेजारी मासा कोरलेला.

ओतिलिया: मासा नव्हता तो.

बाल्दोमेरो: नव्हता?

ओतिलिया: होडी होती. माझ्या बापाला चित्र काढता येत नव्हतं, त्याला तो काय करणार.

बाल्दोमेरो: मी ओळखलं. लगेच ओळखलं. त्या पायांवरनं तुमचं घर आलं तेव्हा मी पोरगा होतो, किनाऱ्यावर उभा होतो.

ओतिलिया: मग?

बाल्दोमेरो: लाल बटण असतं तिथं. पट्टा थांबवायचं. मी हात उचलला होता. खरंच उचलला होता. पण पट्टा थांबला की मुकादम येतो, विचारतो, काय अडकलं? मी काय सांगणार होतो? की साहेब, हे लाकूड नाही, हे एका घराचे पाय आहेत? इथं कुणी घराचे पाय विकत नाही हो. कुणीच नाही. रान विकतात, गुरं विकतात, पण ते दोन ओंडके घराशेजारी पडून असतातच, पोरं त्यांच्यावर खेळतात, कुत्री झोपतात. मला वाटलं, एलियेसरनं विकलेत म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून काही विचार केला असेल. तेवढा विचार करेपर्यंत…

ओतिलिया: किती वेळ लागला?

बाल्दोमेरो: कशाला?

ओतिलिया: त्या दोघांना. आत जायला.

बाल्दोमेरो: खोकल्याएवढा. एक खोकला, मग दुसरा खोकला. झालं.

ओतिलिया: आणि पुढं?

बाल्दोमेरो: पुढं… म्हणजे तुकड्यांचा डोंगर असतो अंगणात. पावसातसुद्धा वाफाळतो तो, आतून तापतो. आंबूस वास येतो. तिथनं मोठ्या बंद टाक्यांत जातात. सोड्याच्या पाण्यात शिजवतात. शिजलं की उल्मो काय नि टेपा काय, सगळं एकच. पेजेसारखं. तपकिरी पेज, मग धूत धूत पांढरी करतात.

ओतिलिया: माझ्या बापाची पेज केलीत म्हणा की.

बाल्दोमेरो: कोमाद्रे…

ओतिलिया: घ्या, माते गार होतोय. तुमच्यावर नाही रागावले मी. आता कुणीतरी त्या कागदावर पत्र लिहीत असेल. चांगलं लिही म्हणावं. निदान खोटं तरी नको लिहूस, म्हणावं. खोटं बोलायला आमच्याकडं एक आहे.

एलियेसर: ओती! माझी लोखंडी पाचर कुठंय? मोठी?

ओतिलिया: चुलीच्या पायाखाली. दाराकडच्या. चूल घसरते म्हणून लावलीये.

एलियेसर: काढू का? झाडात ठोकायला लागेल.

ओतिलिया: काढ. घराचे पाय गेलेच, आता चुलीचाही जाऊ दे. खोकल्याएवढाच वेळ लागतो म्हणे.

एलियेसर: काय?

ओतिलिया: कोंपाद्रे सांगत होते.

एलियेसर: घट्ट बसलीये ही पाचर.

बाल्दोमेरो: एलियेसर, मला वाटलं त्यांना माहीत आहे.

एलियेसर: तुला ना, कान गेले त्याऐवजी जीभ जायला हवी होती.

ओतिलिया: त्यांना काही बोलू नकोस. माझ्याकडं बघ. इथं, चुलीकडं नाही.

एलियेसर: ट्रक भरत नव्हता. शेवटची फेरी होती. ड्रायव्हर म्हणाला, अर्धा ट्रक गिरणी घेत नाही, सगळाच परत नेऊन टाकू का इथं चिखलात? सगळं रान तोडलेलं, आणि ते असं पडून राहणार? मी इकडं तिकडं बघितलं. ते दोन ओंडके तिथं पडले होते. मला वाटलं, घर कशाला हलवायचंय आपल्याला? चांगलं उभं आहे. नंतर रानातून दुसरे दोन आणीन.

ओतिलिया: कुठल्या रानातून?

एलियेसर: ते कळलं मला. नंतर कळलं.

ओतिलिया: मला सांगायचं होतंस.

एलियेसर: तू ओरडली असतीस.

ओतिलिया: ओरडले असते. ताटं फेकली असती. आठ दिवस बोलले नसते. मग संपलं असतं, एलियेसर. ओरडणं संपतं. हे संपलं नाही. तीन वर्षं तू माझ्या बापाचं नाव निघालं की उठून बाहेर जातोस, आणि मी समजत होते, तुला पोटाचा विकार झालाय. तुझ्यासाठी पुदिना उकळत होते रोज.

एलियेसर: पुदिन्यानं बरं वाटायचं पण.

ओतिलिया: गाढव आहेस.

एलियेसर: आहे.

ओतिलिया: आता असं कर. करवत ठेव. वर जा, नाही तर कोंपाद्रेंना पाठव. मंडळींना सांगायचं, पाय नाहीत. मटण खा, चिचा प्या, बैल परत न्या. आपण चार दिवस पोरीकडं राहू. वारा येऊन गेला की बघू.

एलियेसर: आणि का नाहीत म्हणून विचारलं तर?

ओतिलिया: तर सांगायचं.

एलियेसर: की मी विकले? सासऱ्याचे? लगद्याला? ओती, त्या माणसांच्या शेतात आपल्या रानाचं पाणी शिरलंय. त्यांचे बटाटे कुजलेत. तरी ती आली, कारण मी दारोदार जाऊन, टोपी काढून विनवणी केली. घराच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतल्यासारखं सांगितलं, माझं सगळं तयार आहे. आज त्यांना परत पाठवलं तर पुन्हा कोण येईल? उद्याच्या वाऱ्यात हे घर बसलं तर तुला कुठं ठेवू मी? तू या घरात बसून समुद्र ओलांडलास. तुझ्या बापानं तुला नि घराला मिळून माझ्या हवाली केलं. एक तरी सरळ उभं ठेवू दे मला.

ओतिलिया: मी सरळच उभी आहे. घराचं राहू दे.

एलियेसर: दोन पाय देतो तुला. आजच देतो. तो उल्मो देणं लागतो मला, मी वाचवलाय त्याला.

ओतिलिया: म्हाताऱ्या, माझं ऐक.

एलियेसर: झुकाव दलदलीकडं आहे. मी पन्नास वेळा बघितलाय.

ओतिलिया: गेल्या महिन्यात बघितलास?

एलियेसर: तू चुलीपाशी बस. जाळ मोठा ठेव, म्हणजे वरच्यांना धूर दिसेल. धूर दिसला की ती हसत खाली येतील. आणि मी आत आलो की मला ओरड. आत्ता साठवून ठेव.

ओतिलिया: एलियेसर.

एलियेसर: काय?

ओतिलिया: टोपी घाल. फांद्या पडतात.

(बाहेर यांत्रिक करवत सुरू होते.)

बाल्दोमेरो: मला दिसली ना हो झाडाची मान, येताना. म्हणजे, मला सरळच वाटलं. धड इकडं नाही, धड तिकडं नाही.

ओतिलिया: चाळीस वर्षं पाडतोय. हात चांगला आहे त्याचा. डोकं सोडून सगळं चांगलं आहे.

बाल्दोमेरो: चांगला माणूस आहे.

ओतिलिया: तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मी केव्हाच पोरीकडं राहायला गेले असते. बोला काहीतरी, कोंपाद्रे. तो आवाज ऐकत बसवत नाही.

बाल्दोमेरो: मला तर माशी गुणगुणल्यासारखा येतो. तुम्हीच बोला. घर समुद्रातून आलं तेव्हा तुम्ही आत होतात ना? मी बाहेरून बघितलं. आतून कसं दिसत होतं?

ओतिलिया: आतून? चिलोए बेटाच्या किनाऱ्यावरनं बैलांनी पाण्यात ओढलं, मग पुढं होड्यांनी. पाणी खिडकीच्या खालपर्यंत. आई चुलीपाशी बसलेली, अशी, ओच्यात लाकडं धरून, भिजू नयेत म्हणून. मी तिच्या मांडीवर. जमीन वर जायची, खाली यायची, आणि भांडी एकमेकांना भेटायला निघाल्यासारखी इकडून तिकडं. मी रडत होते. आई म्हणाली, रडू नकोस, पाय खाली आहेत. घर बुडत नाही, त्याचे पाय खाली आहेत. आणि मला ते खरं वाटलं. मला वाटायचं, ते दोन ओंडके खाली समुद्राच्या तळावर चालतायत.

बाल्दोमेरो: मी किनाऱ्यावर होतो. धुराड्यातनं धूर येत होता, पाण्याच्या मधोमध. माझी आजी गुडघ्यावर बसली.

ओतिलिया: तुम्ही बसलात?

बाल्दोमेरो: मी पळालो. मला वाटलं, आगबोट घर खाऊन आली.

ओतिलिया: कोंपाद्रे, तुम्ही लहानपणापासून असेच.

बाल्दोमेरो: हसलात. बरं वाटलं.

ओतिलिया: थांबली का करवत?

बाल्दोमेरो: मला विचारता?

ओतिलिया: थांबली. पाचर मारतोय. ऐका… ठक. ठक. आपल्या चुलीची पाचर. आता फार वेळ नाही. चुलीत एक लाकूड सारा, धूर मोठा हवा म्हणाला.

बाल्दोमेरो: हे बघा, सारलं. तुमच्या मांडीवरचा बटाटा पडला, कोमाद्रे.

ओतिलिया: राहू द्या. कोंबड्या दारात आहेतच.

बाल्दोमेरो: पण तो दाराकडं नाही गेला.

ओतिलिया: मग?

बाल्दोमेरो: इकडं आला. मागं उल्मोकडं, चुलीखाली गेला. हा बघा, अजून फिरतोय… आणि एकदम अंधार कसा झाला हो? ढग आले का?

ओतिलिया: नाही. दार लागलं.

बाल्दोमेरो: वाऱ्यानं लागलं असेल.

ओतिलिया: वारा कुठाय, कोंपाद्रे?